शंभरीआधी आकाशवाणीला तिचा बोलका दिवस परत द्या : प्रसार भारतीला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रसार भारती,
मा. महासंचालक, आकाशवाणी,
आणि महाराष्ट्रातल्या सर्व आकाशवाणी केंद्रांचे कार्यक्रमप्रमुख

विषय : मराठी केंद्रांवरचे भाषण, संवाद, श्रुतिका यांचे कार्यक्रम आणि त्यांचा ध्वनिसंग्रह

सप्रेम नमस्कार.

मुंबई केंद्राचं उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झालं. तो दिवस आपण दरवर्षी राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळता. २३ जुलै २०२७ ला त्याला शंभर वर्षं होतील. सोहळा होईल, व्हायलाच हवा. पण त्याच्या निमंत्रणपत्रिका छापायला जाण्याआधी एका जुन्या श्रोतीचं म्हणणं ऐकून घ्यावं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

खुलं अशासाठी, की बंद पाकिटातली पत्रं पाठवून झाली. आमच्या भागातल्या केंद्रावरचा श्रुतिकेचा, म्हणजे रेडिओवरच्या छोट्या नाटकाचा, वार गेला. संध्याकाळचा स्थानिक तास दुसऱ्या केंद्राच्या सहक्षेपणाला, म्हणजे तिथला कार्यक्रम इथून जसाच्या तसा देण्याला, दिला गेला. दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात बोलणं आटत आटत दोन गाण्यांमधल्या निवेदनापुरतं उरलं. विचारायला गेलं की उत्तर मिळतं, "वरून आलंय." म्हणून वर लिहिते आहे. त्या केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली माणसं हातात आहे तेवढ्यात जमेल ते करतात आणि त्यांच्यावर ठपका यावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

मी सातारा जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका. घरात रेडिओ आला तेव्हा वर्तमानपत्र यायचं नाही, कारण आई दुसरीपर्यंत शिकलेली आणि वडील दिवसभर रानात. पुस्तकी म्हणता येईल अशी जी भाषा आमच्या घरात आली, ती आधी कानांनी आली. पुढे नोकरीत असताना मला अधूनमधून भाषणासाठी आकाशवाणीचं करारपत्र यायचं. दहा मिनिटांचं भाषण, मजकूर आधी पाठवायचा. पहिल्यांदा गेले तेव्हा कार्यक्रम अधिकाऱ्यांनी माझे कागद पुढ्यात घेतले, पेन्सिलीनं एका लांब वाक्याचे तीन तुकडे केले आणि म्हणाले, "बाई, वाचणारा मागं जाऊन वाक्य पुन्हा वाचू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही." मग टक्केवारीचे सगळे आकडे काढायला लावले. "सत्तेचाळीस टक्के कुणाच्या डोक्यात राहत नाहीत, जवळजवळ निम्मे म्हणा." कागदांची टाचणी सोडवली, वाचून झालेलं पान उलटायचं नाही, आवाज न करता बाजूला सरकवायचं, हे करून दाखवलं. बी.एड.च्या वर्गातसुद्धा माझ्या मराठीकडे इतकं बारकाईनं कुणी पाहिलं नव्हतं. त्या अर्ध्या तासात शिकलेलं मी पुढे आयुष्यभर वर्गात वापरलं. त्यामुळे आकाशवाणीचं बोलणं बंद होणं ही माझ्यासाठी जुन्या आठवणींपुरती गोष्ट नाही.

तो बोलका दिवस कसा होता, हे आज आपल्या कार्यालयांत बसणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पहाटे संकेतधून, मग वंदे मातरम्, भक्तिगीतं आणि त्यांच्यामध्येच काही मिनिटांचं चिंतन. पावणेसातनंतर संस्कृत बातम्यांचं "इयम् आकाशवाणी" आलं की संस्कृत न कळणारी घरंही घड्याळ लावून घ्यायची. पाठोपाठ पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज ओळखत नाही असं माणूस आमच्या गावात नव्हतं. दिल्लीच्या मराठी बातम्या झाल्या की घरातली पुरुषमंडळी बाहेर पडायची आणि रेडिओ बायकांच्या ताब्यात यायचा. दुपारी महिलांचे कार्यक्रम. मुंबईच्या 'वनिता मंडळ'चं नाव लीलावती भागवतांशी जोडलेलं आहे. त्या कार्यक्रमांत पाककृती असायच्याच, पण बाळाला वरचं अन्न कधी सुरू करायचं, बायकांच्या नावावर जमीन लागते का, पोस्टात खातं कसं काढायचं, हेही असायचं. माझ्या आईनं पोस्टातलं खातं एका भाषणाच्या भरवशावर काढलं. वडिलांना नंतर सांगितलं.

शाळांसाठी शालेय प्रसारण. औद्योगिक कामगारांसाठी त्यांचा कार्यक्रम. सुट्टीच्या दिवशी मुलांसाठी पुण्याचं 'बालोद्यान', तिथले नाना म्हणजे गोपीनाथ तळवलकर. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बाजारभाव, हवामान. रात्री भाषण, परिसंवाद, रूपक, नभोनाट्य. मुंबई केंद्राची 'पुन्हा प्रपंच' ही कौटुंबिक मालिका लागली की बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकडेभावजी घरातल्यासारखे बोलायचे. त्या तिघांच्या बोलण्यात रेशन, भाडं, मुलांची शिक्षणं, सगळं यायचं आणि कुणाला उपदेश केल्यासारखं वाटायचं नाही. सामना असेल त्या दिवशी बाळ ज. पंडित यांचं मराठी धावतं वर्णन. चेंडू न पाहता क्रिकेट कळायचं, ते त्यांच्यामुळे.

एका दिवसात इतक्या वेगवेगळ्या माणसांशी त्यांच्या त्यांच्या वेळेला, त्यांना समजेल अशा भाषेत बोलणारी दुसरी संस्था महाराष्ट्रात नव्हती. आणि ही भाषा घडवायला कोण बसले होते? व्यंकटेश माडगूळकर अनेक वर्षं पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम सांभाळत होते. बा. भ. बोरकर, पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगावकर यांनी आकाशवाणीत नोकरी केली. कार्यक्रम तयार करणं हे लेखकाचं काम आहे, असं त्या काळच्या आकाशवाणीला वाटत होतं. ते वाटणं आपण कधी सोडलं आणि का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

आणखी एक गोष्ट, जी शंभरीच्या भाषणांत फारशी येणार नाही अशी मला भीती आहे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरून रेडिओ ग्रामीण मंडळांचा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा हे पाच जिल्हे, सुमारे १५० गावं. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र ऐकायचा आणि लगेच त्यावर चर्चा करायची. मंडळाचा निमंत्रक चर्चेचा अहवाल आणि पडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचा आणि त्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची पाहणी केली आणि पुढे तो देशभर नेला गेला. माझे वडील अशा मंडळात बसलेले. ते सांगायचे, "आपण विचारलेलं पुण्यातून बोलून दाखवलं, तेव्हा गावात पहिल्यांदा वाटलं की सरकारला कान आहेत." आज आपण श्रोत्यांच्या सहभागाबद्दल परिपत्रकं काढता, तेव्हा मला हे आठवतं. ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं अशांनाही या मंडळांत प्रश्न विचारता येत होता.

आता तक्रारी. एकेक करून मांडते.

पहिली तक्रार सहक्षेपणाची. जिल्ह्याचं केंद्र काढलंच होतं ते त्या जिल्ह्याशी बोलायला. जळगावच्या केळीवाल्याला, रत्नागिरीच्या आंबेवाल्याला आणि परभणीच्या सोयाबीनवाल्याला एकच संध्याकाळ चालत नाही. त्यांची पिकं, रोग, पाऊस, बाजार आणि बोलीही वेगळ्या आहेत. प्रसार भारती कायदा, १९९० च्या कलम १२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या प्रदेशांच्या संस्कृती आणि भाषा यांना पुरेसं स्थान मिळेल असे कार्यक्रम करणं हे आपलं उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं आहे. त्याच कलमात शिक्षण, शेती, ग्रामीण विकास, आरोग्य, विज्ञान यांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलं आहे. स्थानिक तास काढून घेणं हे या कलमाला धरून कसं, ते सांगावं.

दुसरी तक्रार माणसांची. केंद्रांवर कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. निवेदन नैमित्तिक निवेदकांच्या भरवशावर चालतं. त्यांना महिन्याला मोजक्या ड्यूट्या मिळतात, पुढच्या महिन्याची खात्री नसते, आणि तरीही ते पहाटेच्या सभेला, म्हणजे प्रसारणाच्या पहिल्या सत्राला, वेळेवर हजर असतात. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय वाहिनी आणि त्याबरोबर अहमदाबाद, हैदराबाद, लखनौ, शिलाँग, तिरुवनंतपुरम इथल्या पाच प्रादेशिक प्रशिक्षण अकादम्या बंद करण्याचा निर्णय आपण घेतला. खर्च वाचवणं हे कारण होतं. मला पेन्सिलीनं वाक्य तोडायला शिकवलं ते अधिकारीही कुठेतरी शिकूनच आले होते. आता नव्यांना हे कोण शिकवणार?

तिसरी तक्रार बातम्यांची. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून सकाळचं बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. लोकांनी आवाज उठवला, निर्णयाला स्थगिती मिळाली. त्याबद्दल आभार मानते. पण निर्णय घेण्याआधी श्रोत्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि स्थगिती म्हणजे कायमचं आश्वासनही नव्हे. आपल्या देशात खाजगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. रेडिओवर मराठी बातमी म्हणजे आकाशवाणीची बातमी, दुसरी नाही. ज्या एकट्याच्या हाती हे काम आहे, त्यानं ते आवरतं घेऊ नये.

चौथी तक्रार लहरींची. पुण्याची ७९२, मुंबईच्या अस्मिता वाहिनीची ५५८ किलोहर्ट्झ, या मध्यम लहरी डोंगर ओलांडून दूरवर जात. एफएमचा आवाज स्वच्छ असतो हे खरं, पण घाटाच्या आडोशाला असलेल्या वाडीत तो पोचत नाही. जुनी मध्यम लहरींची प्रक्षेपकं टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचं आपलं धोरण आहे आणि त्यांच्या जागी डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडियाल) ही डिजिटल प्रसारणाची पद्धत आणायची म्हणता. काही नव्या गाड्यांत तो संच असतो, मान्य. पण हातात धरायचा, साध्या माणसाला परवडणारा डीआरएम रेडिओ आमच्या बाजारपेठेतल्या दुकानात विचारून पाहिला तर दुकानदाराला ते नावही माहीत नव्हतं. पुरात वीज जाते, मोबाइलचा टॉवर बंद पडतो, तेव्हा सेलवर चालणारा साधा रेडिओच बोलतो. नवा रेडिओ लोकांच्या हातात येण्याआधी जुनी लहर बंद करू नका, एवढं तरी मान्य व्हावं.

पाचवी तक्रार मला सगळ्यात जास्त सलते. ध्वनिसंग्रह.

टेप महाग होत्या, म्हणून एकदा वाजलेल्या फितीवर पुन्हा नवं ध्वनिमुद्रण व्हायचं. रेडिओच्या जगात बहुतेक ठिकाणी हेच झालं आणि त्या वेळच्या लोकांना मी दोष देत नाही. गाणी काही प्रमाणात वाचली, कारण ती पुन्हा वाजवता येत. भाषण आणि चर्चा यांना हे भाग्य क्वचितच मिळालं. एखाद्या शेतकऱ्याची मुलाखत, दाईनं सांगितलेला अनुभव, गिरणीतल्या कामगाराचं बोलणं, लहान केंद्रावर झालेली बोलीतली श्रुतिका, हे जपण्यासारखं आहे असं कुणाला वाटलं नाही. जे उरलंय ते कपाटांत आहे. फितीचं वयही संपत आलं आहे, दमट हवेत ती चिकटते, वरचा थर सुटतो, आणि ती वाजवणारी यंत्रं दुरुस्त करणारे हात कमी होत चाललेत. माझ्या एका सहकारी शिक्षकाच्या मुलीनं वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या भाषणाची प्रत मागितली. ते एका केंद्रावर वर्षानुवर्षं बोलायला जात. तिला सांगण्यात आलं, नोंदवहीत नाव आहे, फीत सापडत नाही. तिच्याकडे वडिलांचा आवाज दुसरा कुठलाच नव्हता.

आपल्याच कायद्यात रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या सामग्रीची ग्रंथालयं उभारणं आणि सांभाळणं हे प्रसार भारतीचं काम म्हणून नमूद आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी शिलालेख आणि पोथ्या पुराव्याला लागल्या. विसाव्या शतकातली मराठी प्रत्यक्ष बोलली कशी जात होती, वऱ्हाडात कशी, मालवणात कशी, याचा पुरावा आपल्या कपाटांत आहे. तो वाचवायला अभिजात दर्जापेक्षा मोठं कारण कुठलं हवं?

एक आक्षेप मी नेहमी ऐकते, त्याला इथेच उत्तर देते. "आता बोलणं ऐकतं कोण? लोकांना गाणी हवीत." मला हे पटत नाही. माझी नात कानात यंत्र घालून तासतासभर मराठी पॉडकास्ट ऐकते. त्यात गाणं नसतं, दोन माणसं बोलत असतात. म्हणजे ऐकणारे आहेत, ते आपल्याकडून उठून दुसरीकडे गेले आहेत. फरक एवढाच, की पॉडकास्ट ज्याला शोधता येतं आणि ज्याच्याकडे चांगला फोन आणि डेटा आहे त्याच्यासाठी आहे. शेळ्या राखणारी बाई, रात्रपाळीचा पहारेकरी, दृष्टी गेलेला म्हातारा, अंथरुणाला खिळलेली माणसं यांनी काय करायचं? काही केंद्रं यूट्यूबवर निवडक कार्यक्रम टाकतात, ते स्तुत्य आहे. 'न्यूज ऑन एअर' ॲपवर केंद्रं थेट ऐकता येतात, तेही चांगलं झालं. पण कालचा चुकलेला परिसंवाद आज ऐकायचा म्हटलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. श्रुतिका करायला लेखक, कलावंत, तालमी, ध्वनिमुद्रण लागतं, गाणी लावणं स्वस्त पडतं. हे बरोबर आहे. पण सार्वजनिक प्रसारण संस्था स्वस्त पडावी म्हणून काढलेली नव्हती. 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हे आपलं बोधवाक्य आहे. त्यात हित आधी आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. महाराष्ट्रातल्या प्रत्येक केंद्राला रोज संध्याकाळी किमान एक सलग तास त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यासाठी परत द्यावा. त्या तासात सहक्षेपण नको. त्यात गाण्यांपेक्षा बोलणं जास्त असावं आणि आठवड्यातून एकदा स्थानिक बोलीतली श्रुतिका असावी.

२. कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या रिकाम्या जागा भराव्यात. नैमित्तिक निवेदकांना निश्चित ड्यूट्या, वेळेवर मानधन आणि मराठीतलं प्रशिक्षण मिळावं. प्रशिक्षणासाठी निवृत्त अधिकाऱ्यांना बोलवा, ते आनंदानं येतील.

३. पुण्याच्या वृत्त विभागाबद्दलची स्थगिती कायम करून तसं लेखी जाहीर करावं.

४. परवडणारे डीआरएम संच बाजारात येईपर्यंत महाराष्ट्रातलं एकही चालू मध्यम लहरींचं प्रक्षेपक बंद करू नये.

५. सर्व मराठी केंद्रांवरच्या भाषण, मुलाखत, रूपक आणि श्रुतिका यांच्या उरलेल्या फितींची यादी २३ जुलै २०२७ च्या आत प्रसिद्ध करावी. काय आहे आणि काय गेलं, दोन्ही. त्यानंतर त्यांचं डिजिटायझेशन विद्यापीठांच्या मराठी विभागांच्या मदतीनं व्हावं आणि जे ऐकण्याजोगं आहे ते सर्वांना मोफत ऐकायला मिळावं. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटांवर मुद्रण केलेले कार्यक्रम आहेत अशा श्रोत्यांकडून प्रती मागवाव्यात. असे श्रोते गावोगावी आहेत. माझ्याकडे एक खोकं आहे, हवं तेव्हा घेऊन येईन.

६. आणि शंभरीच्या दिवशी, २३ जुलै २०२७ रोजी, सर्व मराठी केंद्रांवर पहाटेच्या सभेपासून रात्रीच्या शेवटच्या सभेपर्यंत बोलका दिवस करावा. शेतकरी, कामगार, विद्यार्थी, गृहिणी, मुलं यांच्यासाठीचे जुने कार्यक्रम त्यांच्या जुन्या वेळांना, आजच्या विषयांवर. जुन्या फिती नुसत्या वाजवू नका, आजचे लेखक बोलवा आणि नव्यानं लिहून घ्या. आजच्या पंतांना आणि मीनावहिनींना बोलायला काही कमी नाही.

या पत्राला उत्तर द्यावं अशी विनंती आहे. ते मला टपालानं पाठवण्याची गरज नाही. आपल्या केंद्रांवर श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं देण्याचा कार्यक्रम असतो, त्यात ते वाचून दाखवावं, म्हणजे ज्यांनी हे पत्र वाचलेलं नाही त्यांनाही कळेल. कोणत्या वारी आणि किती वाजता, एवढं आधी जाहीर करा.

आपली नम्र,
एक श्रोती आणि एकेकाळची वक्ता
जिल्हा सातारा